काटा चाळीसच्या पुढे

आमच्या घरात वस्तू वापरायला आणत नाहीत, जपायला आणतात. टीव्हीचा रिमोट पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि ती पिशवी आता इतकी धुरकट झाली आहे की आवाजाचं बटण कुठं आहे हे फक्त माझ्या अंगठ्याला माहीत आहे. लग्नात आलेला डिनर सेट चांगले पाहुणे आले की काढायचा असं ठरलं होतं. पाहुणे पुष्कळ आले, पण तेवढ्या योग्यतेचं कुणी आलं नाही. अशा माणसाच्या हातात पळण्यासाठीच जन्माला आलेली एक लाल गाडी पडली, त्याची ही हकीकत.

गाडी घेण्याचं कारण माझी पत्नी रुद्राणी. ती शिक्षिका आहे आणि यंदा जूनपासून मंद्रूपच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून तिची नेमणूक झाली. सोलापूरहून मंद्रूप काही फार लांब नाही. पण आमच्या जुळे सोलापूर भागातून निघून बस गाठायची, ती बस वेळेवर यायची आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचायचं, या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी घडणं कठीण. "बाईच उशिरा आल्या तर पोरांना कुठल्या तोंडानं बोलायचं? गाडी असेल तरच मी ही जागा घेते," असं तिनं सांगून टाकलं. नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती. तेव्हा तिचा नातेपुत्याचा भाचा दिग्विजय मदतीला आला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याच्या सासऱ्यांना जावयाच्या दारात उंच गाडी हवी होती, त्यामुळे त्याची ही जुनी गाडी मोकळी झाली.

"मामा, हिला हॉट हॅच म्हणत्यात," दिग्विजय म्हणाला. "बाहेरनं बारकी, पर आत लई मोठं इंजिन हाय. नुसता पाय ठिवला की उडतीया." एवढं बोलताना त्याचे डोळे भरून आले. किल्ली माझ्या हातात देताना तो फक्त म्हणाला, "जीव लावा तिला."

जीव लावणं हा तर माझा हातखंडा. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि तिथलं स्टेपलर माझ्या नेमणुकीच्या दिवसापासून तेच आहे. मी दिग्विजयच्या पाठीवर हात ठेवला आणि निश्चिंत राहायला सांगितलं.

अडचण एकच होती. मे अखेर गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ती आरटीओत नेऊन तपासून घ्यायची. साहेबांनी पास केली तर आणखी पाच वर्षं आयुष्य, नापास केली तर भंगार. आणि गाडी भंगारात गेली की तिच्यामागोमाग रुद्राणीची मंद्रूपची खुर्चीही जाणार. तेव्हा मे अखेरपर्यंत गाडीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. रुद्राणी लहानपणी माहेरी ट्रॅक्टर चालवायची, पुढं वडिलांची जीपही चालवायची. माझं शिक्षण मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये झालेलं. साहजिकच मी तिला म्हणालो, "हे बघ, तू जरा दणकट चालवतेस. जूनपर्यंत गाडीला हात लावू नको. मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली, पण किल्ली तिनं माझ्याकडंच ठेवली.

पहिला प्रश्न गाडीच्या चारित्र्याचा होता. दिग्विजयनं दोन्ही दारांवर पिवळ्या ज्वाळा चिकटवल्या होत्या. वरिष्ठ लिपिकाला ज्वाळा शोभत नाहीत म्हणून एका रविवारी मी रॉकेल आणि ब्लेड घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत त्या खरवडून काढल्या. ज्वाळा गेल्या, पण इतकी वर्षं ऊन न लागलेला खालचा रंग लालभडक निघाला. त्यामुळे आधी पिवळ्या असलेल्या ज्वाळा आता अस्सल आगीच्या रंगाच्या दिसू लागल्या. कॉलेजच्या दारात मला बघून पोरं शिट्ट्या मारू लागली. मी गंभीर चेहऱ्यानं आत जात असे.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या खालच्या मजल्यावर शरणप्पाकाका राहतात. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. अक्कलकोटकडचे असल्यानं त्यांना राग आला की ते कानडीत बोलतात आणि सल्ला द्यायचा झाला की मराठीत.

"काय करलालाव ओ सर?" मी बॉनेट पुसत असताना ते म्हणाले. "नुसतं पुसून काय व्हतंय? इंजिन वाचवायचं आसंल तर टॉप गिअर टाका आन् पाय काढून घ्या की. मी जल्मभर एसटी तशीच चालवली. माजं इंजिन कदी तापलं न्हाय."

हा सल्ला मला पटला, कारण त्यात पेट्रोलही वाचत होतं. मी घराबाहेर पडलो की पहिल्या वळणातच टॉप गिअर टाकू लागलो आणि काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. गाडी सबंध रस्ताभर हिवताप आल्यासारखी थरथरायची. मला वाटायचं, जुनी आहे, थरथरणारच. सात रस्ता चौकात एकदा ट्रॅफिकच्या हवालदारानं शिट्टी मारून मला बाजूला घेतलं.

"मी वेगात होतो का?" मी विचारलं.

"न्हाय. मागनं एक हातगाडीवाला तुमाला ओव्हरटेक करायलाय, त्येला जाऊ द्या आदी."

हा प्रसंग मी घरी सांगितला नाही.

दुसरे सल्लागार वरच्या मजल्यावरचे हिंदुराव. ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, त्यामुळे ते कशाकडंही दोष शोधण्याच्याच नजरेनं बघतात. "हॉट गाडी? सोलापुरात? मे महिन्यात?" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य सल्ल्याचं होतं. "कमलाकरराव, मशीन पडून राहिलं की जाम होतं. रोज सकाळी जागेवरच चालू करून ठेवायची. फिरवायची गरज नाही, नुसती चालू. आमच्याकडं हीच पद्धत आहे."

मी दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंघोळ झाली की गाडी चालू करून, शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसू लागलो. गाडी गुरगुरायची आणि मागून हळूहळू काळपट धूर निघायचा. तिकडे माझं लक्ष नव्हतं, पण हिंदुरावांच्या पत्नीचं, रंभाबाईंचं होतं. मे महिना असल्यानं त्यांनी अंगणात, नेमक्या माझ्या सायलेन्सरच्या समोर, कुरडयांचं वाळवण घातलं होतं. चार दिवसांनी त्या ताट घेऊनच आमच्या घरी आल्या.

"भावजी, ह्या बघा तुमच्या कुरडया."

"माझ्या?"

"आता आणखी कुणाच्या? धुराच्या वासाच्या कुरडया आमच्यात कुणी खात न्हाय. चांगल्या जपून ठेवल्यात तुमच्यासाठी." त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. हिंदुरावांनी त्यानंतर आठवडाभर मला गाडीबद्दल सल्ला दिला नाही. कुरडया आम्ही तळून खाल्ल्या, वास फारसा लागत नव्हता.

मे महिन्याच्या मध्यावर मला तपासणीची पहिली तारीख मिळाली. तयारी म्हणून मी बॉनेट उघडलं, तर आत दोन-तीन ठिकाणी गंजाचे ठिपके दिसले. मी लगेच गंजविरोधी काळा रंग आणला आणि एक अख्खी दुपार घालवून आतलं जे जे लोखंड हाताला लागलं ते ते रंगवलं. दोन हात दिले. एवढं मन लावून मी घराचा दरवाजाही रंगवला नव्हता.

आरटीओत साहेबांनी बॉनेट उघडलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"चासी नंबर कुठंय?"

"इथंच असेल साहेब."

"असेल म्हणजे? इथं पेन्सिलनं छाप घ्यावा लागतो आम्हाला. नंबरच दिसत नाही."

"गंज लागू नये म्हणून रंगवलंय साहेब," मी थोड्या अभिमानानं म्हणालो. "दोन हात दिलेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ज्यांना नंबर लपवायचा असतो ते लोक रंगवतात. जपायला म्हणून रंगवणारे तुम्ही पहिलेच भेटलात. खरवडून आणा."

आजूबाजूच्या रांगेतले लोक हसले. मी बॉनेट हळूच, आवाज न करता बंद केलं. बॉनेट आपटून माणसं आपली नाराजी दाखवतात, पण मला ते परवडणारं नव्हतं.

नंबर खरवडायला मी सोमेशच्या गॅरेजमध्ये गेलो. सोमेशला कुठल्याही गाडीतला बिघाड नुसता बघून समजतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. थिनर लावून त्यानं नंबर मोकळा केला आणि जाता जाता म्हणाला, "पीयूसी बघा सर, संपत आलीय. ती करून घ्या आदी." गाडीच्या धुराचं ते प्रमाणपत्र असल्याशिवाय साहेब गाडीकडं बघणारही नव्हते. म्हणून मी विजापूर रोडवरच्या पंपाशेजारी जी धूर तपासणारी गाडी उभी असते तिथं गेलो. तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि खुर्ची थोडी मागं सरकवली.

"सर, रेस करा."

मी ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय ठेवला.

"अजून करा की."

मी थोडा अजून ठेवला. मागून एक काळा लोट निघाला. रसवंतीवर रस पीत उभी असलेली माणसं ग्लास घेऊन पलीकडं गेली.

"नापास," तो म्हणाला. "एवढा धूर मी ट्रकचाबी बघितला न्हाय."

सोमेशनं नंतर निदान केलं की इंजिन उघडावं लागेल आणि सुटे भाग यायला महिना जाईल. महिना म्हणजे जून उजाडून गेला असता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. रुद्राणी नव्या साडीला फॉल लावत बसली होती. ही साडी तिनं शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घेतली होती. मला तिच्याकडं बघवेना.

"होईल काहीतरी," ती म्हणाली. "मुदत कधीपर्यंत आहे?"

"शुक्रवार. त्याच दिवसाची शेवटची तारीख मिळाली आहे. दुपारी चारच्या आत गाडी उभी करावी लागेल."

"शुक्रवारी मला मंद्रूपला चार्ज घ्यायला जायचंय. गाडीनंच जाऊ. येताना तसंच पंपावर आणि आरटीओत."

"चार दिवस तिला आराम देऊ. म्हणजे ताजीतवानी होईल," मी म्हणालो. रुद्राणीनं फॉलचा पुढचा टाका घातला.

मी गाडीवर कव्हर घातलं, कव्हरावर चादर घातली आणि चार दिवस तिला हलवली नाही. शुक्रवारी सकाळी बॅटरी बसली होती. शरणप्पाकाका, हिंदुराव आणि वाळवणाचा राग विसरून रंभाबाई, अशा तिघांनी ढकलून गाडी चालू करून दिली. त्यामुळे आम्ही निघालो तेव्हाच उशीर झाला होता. त्यात मी टॉप गिअर टाकून काटा चाळीसवर स्थिर केला. कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. त्याच्यावर बसलेल्या बाईनं रुद्राणीला हात हलवला आणि रुद्राणीनंही हलवला.

शाळेचे मावळते मुख्याध्यापक प्रेमळ निघाले. त्यांनी चहा दिला, पोहे दिले आणि मग शाळेच्या आवारातल्या प्रत्येक झाडाची ओळख करून दिली. कुठलं झाड कुणाच्या हस्ते लागलं आणि पुढं त्या माणसाचं काय झालं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. रुद्राणी मात्र मन लावून ऐकत होती. एका रिकाम्या वर्गात जाऊन तिनं फळ्यावरून हात फिरवला. तिचा चेहरा मी इतका उजळलेला बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. तेव्हाच मला कळलं की ही जागा गेली तर ती मला एका शब्दानंही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकून चालू झाली. मी टॉप गिअरकडं हात नेला.

"उतरा," रुद्राणी म्हणाली.

"काय?"

"उतरा खाली. इकडून बसा. तुमच्या चालीनं आपण तिथं उद्या पोचू."

"अगं, ती आजारी आहे! जोर दिलास तर रस्त्यातच—"

"रस्त्यात बंद पडली काय आणि दारात पडून राहिली काय, माझं मंद्रूप दोन्हीकडं जाणारच आहे. उतरा अहो."

मी उतरलो. ती बसली, सीट पुढं घेतली, पदर खोचला आणि फाटकातून गाडी बाहेर काढली. महामार्गाला लागल्यावर तिनं दुसऱ्या गिअरमध्ये पाय असा दाबला की माझं डोकं मागं आदळलं. गाडीतून मी आजवर कधी न ऐकलेला आवाज निघाला. मी आरशात बघितलं. मागं रस्ता दिसेनासा झाला होता, नुसता काळा धूर होता आणि त्या धुरात कुणीतरी मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता.

"जळतेय! इंजिन जळतंय!"

"आमच्या विहिरीवरचं इंजिन बरेच दिवस मंद चाललं की काजळी धरायचं आणि मग असंच काळं ओकायचं," ती म्हणाली आणि तिसरा गिअर टाकला. "ओकू दे. पोटात होतं ते निघतंय."

"काटा बघ! काटा बघ!"

"बोर्डावर शंभर लिहिलंय. मी नव्वदला आहे." तिनं एसीचं बटण दाबलं.

"इंजिनावर लोड येतो!"

"माझ्यावर उन्हाचा येतोय."

मी डोळे मिटले. सिद्धेश्वराचं नाव घेतलं, ते अर्धवट राहिलं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मिटल्या डोळ्यांनी मला एक गोष्ट मात्र जाणवू लागली. गाडी थरथरत नव्हती. इतके दिवस माझ्या पायाखाली जी हुडहुडी भरलेली असायची ती कुठंतरी मागं मंद्रूपच्या शिवारात गळून पडली होती. आवाज मोकळा झाला होता. मी एक डोळा किलकिला करून आरशात बघितलं, तर मागं रस्ता स्वच्छ होता आणि तो मोटारसायकलवाला लांब ठिपक्याएवढा राहिला होता. कडबा उतरवून परतणारा सकाळचा ट्रॅक्टर आम्ही वाटेत गाठला. रुद्राणीनं हात हलवला, पण त्या बाईला तो दिसला असेल असं वाटत नाही.

पंपावर त्याच माणसानं आम्हाला बघून खुर्ची आधीच मागं घेतली. नळी घातली. रुद्राणीनं रेस केली. तो कॉम्प्युटरकडं बघत राहिला, मग उठून नळी नीट बसली आहे का ते बघून आला.

"इंजिन बदललं का ओ मॅडम?"

"ड्रायव्हर बदलला," रुद्राणी म्हणाली.

त्यानं पासचा कागद काढून दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

आरटीओच्या मैदानात आम्ही शिरलो तेव्हा साहेब टोपी काढून घाम पुसत निघायच्या बेतात होते. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण बॉनेट उघडल्यावर चासी नंबर लख्ख दिसत होता. त्यांनी पेन्सिलनं छाप घेतला, दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, मग गाडी पुढं पळवून करकचून ब्रेक दाबायला सांगितलं. रुद्राणीनं तेही केलं. गाडी जिथल्या तिथं उभी राहिली.

"चांगली ठेवली आहे गाडी," साहेब म्हणाले. "रोज कोण चालवतं?"

माझी छाती फुगली होती. वरिष्ठ लिपिकाच्या आयुष्यात सरकारी माणसानं केलेलं कौतुक वारंवार येत नाही. तोंड उघडून मी सुरुवातही केली, "त्याचं असं आहे साहेब—" आणि रुद्राणीकडं लक्ष गेलं. ती स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, कपाळावरचे केसही न आवरता, साहेबांच्या पेनाकडं बघत होती. पेन अजून टेकलं नव्हतं.

"या चालवतात," मी म्हणालो. "जूनपासून रोज मंद्रूपला जाणार आहेत. मुख्याध्यापिका आहेत."

साहेबांनी मान डोलावली आणि सही केली. आणखी पाच वर्षं. मला इतका आनंद झाला की मी साहेबांशी हस्तांदोलन केलं, त्यांच्या शिपायाशी केलं आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या एका अनोळखी टेम्पोवाल्याशीही केलं. तोसुद्धा काही न विचारता मनापासून हसला.

गाडीत बसल्यावर रुद्राणीनं पहिल्यांदा लांब श्वास सोडला. तिचे डोळे ओले होते. तिनं ते पदरानं पुसले आणि किल्ली फिरवली.

"घरी जायचं ना?"

"नको. मंद्रूपला चल."

"आत्ताच तर तिथून आलो!"

"येताना माझे डोळे मिटलेले होते," मी म्हणालो. "तू रोज कुठल्या रस्त्यानं जाणार तो बघायचा राहिला."

रुद्राणी हसली. तिनं इंडिकेटर दिला आणि गाडी विजापूर रोडला, मंद्रूपच्या बाजूला वळवली.